एकोणचाळीस नंबरचं घर

सगळं उपनगर तिला भाडेबाई म्हणायचं, आणि तिच्या स्वतःच्या नावावर एक खोलीसुद्धा नव्हती. ती आकडे खात्यात नोकरीला होती. खात्याने फार वर्षांपूर्वी या उपनगरातली साठ भाड्याची घरं निवडून ठेवली होती. दर सहा महिन्यांनी त्या साठही घरांचे जिने चढायचे, भाडं विचारायचं, खोल्या मोजायच्या, भाडेकरू जुनाच आहे की नवा ते लिहायचं, हे तिचं काम. पहिल्यांदा दार उघडणाऱ्याला वाटायचं, ही भाडं मागायलाच आली. मग तो एकतर दार लोटायचा, नाहीतर रडगाणं सुरू करायचा. "भाडं द्यायचं नाही हो मला, नुसतं सांगायचं," हे वाक्य तिने इतक्यांदा म्हटलं होतं की तिची मुलगी लहानपणी भातुकलीत दार उघडताना तेच म्हणायची.

ती नोकरीला लागली तेव्हा एकतिसाची होती. नवरा छापखान्यात होता. तो वारून आता आठ वर्षं झाली होती, मुलगी दुसऱ्या शहरात नोकरीला गेली होती, आणि भाडेबाई चौथ्या मजल्यावरच्या एका खोलीत एकटी राहत होती. बाई नाकासमोर चालणारी. नोकरीच्या पहिल्या दिवशी खात्याने तिच्याकडून एक शपथ घेतली होती: एका घराचा आकडा दुसऱ्या घराच्या कानावर जाणार नाही. ही शपथ तिने अशी पाळली की शेजारणी तिला चिडवायच्या, "हिला स्वतःचं वय विचारा, खात्याची परवानगी काढून आणील."

सुरुवातीच्या वर्षांत काम सोपं होतं. साठ घरांत एका फेरीला चार-पाच नवे चेहरे दिसायचे. बाकी ठिकाणी लोक तिला बसवून घ्यायचे, मुलांच्या परीक्षा, सुनांची गाऱ्हाणी, सगळं सांगायचे. मग उपनगराच्या पश्चिमेला मोठं इस्पितळ झालं. पाठोपाठ काचेच्या दोन उंच इमारती आल्या, त्यांत कचेऱ्या आल्या, रस्ता रुंद झाला, आणि भाड्यांना पाय फुटले. अनामत दोन महिन्यांची होती ती सहा महिन्यांची झाली. तीन खोल्यांच्या घरात प्लायवूडचे आडोसे उभे राहिले आणि एका दारामागे तीन बिऱ्हाडं नांदू लागली. बाल्कनीला काचा लावून तिची खोली झाली, त्या खोलीला भाडेकरू मिळाला. जिन्यात ताज्या रंगाचा वास आला की भाडेबाई वर पोचायच्या आधीच समजायची, जुनं माणूस गेलं. दार उघडणाऱ्या नव्या माणसाला आधी इथे कोण राहत होतं हे ठाऊकही नसायचं. कुठे एखाद्या शिक्षिकेच्या जागी चार परिचारिका, कुठे पाच जणांच्या कुटुंबाच्या जागी एकटा तरुण आणि त्याचा भलामोठा टीव्ही. गेलेली माणसं बसच्या मार्गाने लांब लांब सरकत होती. भाडेबाईही त्यांच्यातलीच. आठ वर्षांत तिने तीन घरं बदलली, आणि दर वेळी कचेरीला पोचायला तिला दोन-तीन थांबे जास्त लागू लागले.

तिच्या यादीत एकच घर असं होतं जिथे पहिल्या फेरीपासून दार उघडणारी माणसं बदलली नव्हती. ते एकोणचाळीस नंबरचं.

दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि सकाळचं ऊन येणारी बाल्कनी. तिथे एक भाऊ आणि त्याची मोठी बहीण राहत. दोघांचीही लग्नं झालेली नव्हती. भाऊ चष्म्याच्या दुकानात भिंगं घासणारा कारागीर. भाडेबाई त्यांना दादा म्हणायची. ते बहिणीला अक्का म्हणत, म्हणून सगळी इमारतच तिला अक्का म्हणे. दुकानातून निवृत्त झाल्यावर दादांनी भिंगं घासायचं जुनं चाक घरी आणलं आणि बाल्कनीत बसवलं. एका पायाने पट्टी दाबायची, चाक गरगर फिरायचं, आणि भिंगावर थेंबथेंब पाणी पडत राहायचं. भाडेबाई आली की दादा पाय काढत, आणि चाक थांबेस्तोवर बोलत नसत.

अक्कांचे डोळे अधू होते. पहिल्या फेरीला त्यांनी दादांनी घासलेल्या चष्म्यातून भाडेबाईचं ओळखपत्र अक्षर न् अक्षर वाचून घेतलं होतं. मग चष्मा जाड होत गेला. मग आणखी जाड. आणि एका फेरीला भाडेबाई आली तर अक्कांच्या डोळ्यांवर चष्माच नव्हता.

"काय अक्का, चष्मा मोडला?"

"मोडला नाही. कामावरून काढून टाकला," अक्का म्हणाल्या आणि आपल्याच विनोदाला हसल्या. दादा हसले नाहीत. आयुष्यभर दुसऱ्यांना दिसावं म्हणून भिंगं घासणाऱ्या या माणसाच्या हाती आपल्या बहिणीसाठी घासता येईल असं भिंगच उरलं नव्हतं.

पण अक्कांनी ते घर पाठ केलं होतं. दारापासून स्वयंपाकघर नऊ पावलं. ओट्यापासून मोरी चार. डाव्या हाताला भिंत संपली की खिडकी, खिडकीखाली खुर्ची. चहा करताना त्या कपाच्या आत बोटाचं टोक धरत आणि तिथवर चहा आला की थांबत. एक थेंब सांडत नसे. माणसं त्या पावलांवरून ओळखत. भाडेबाई जिन्यात असतानाच वरून हाक यायची, "या! आज उजवी चप्पल लागतेय वाटतं?" आणि चप्पल खरंच लागत असायची.

या घराचं भाडं ऐकून खात्यातले साहेब दर वेळी तिला बोलावत. "बाई, एकोणचाळीसला आकडा चुकलाय. शेजारच्या घराचं याच्या अडीचपट आहे."

"चुकला नाही साहेब. मालक चांगले आहेत."

"चांगले म्हणजे किती चांगले, ते कुठे लिहायचं?" साहेब डोकं खाजवत म्हणत आणि सही करत.

मालक बोटीवर नोकरीला होते. वर्षातले दहा महिने समुद्रावर. हे घर त्यांनी तरुणपणी घेतलं होतं आणि चष्म्याच्या दुकानात ओळख झालेल्या दादांना राहायला दिलं होतं. वाढ मागणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. उलट दादांनीच दोनदा हट्ट करून भाडं वाढवून दिलं. "अहो, मला कशाला? मासे काही भाडं घेत नाहीत माझ्याकडून," असं म्हणत मालक हात झटकायचे, आणि दादा पाकीट त्यांच्या खिशात कोंबायचे. हा तमाशा भाडेबाईने एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता.

ते मालक गेले. घर त्यांच्या मुलाकडे आलं.

पुढच्या फेरीला भाडेबाई कागद भरून जिना उतरत होती, तेव्हा खालून एक पस्तिशीतला माणूस वर येताना भेटला. अंगात मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानाचा निळा सदरा, हाताला ग्रीसचा वास. तिच्या गळ्यातलं ओळखपत्र पाहून तो थांबला.

"तुम्ही त्या भाडं लिहिणाऱ्या बाई ना? मी या घराचा... म्हणजे माझ्या वडिलांचं घर हे. आता माझं."

"हो का. वडील फार भले होते."

"ते आहेच." तो कठड्याला टेकला. दमलेला दिसत होता. "एक विचारू? तुम्हाला सगळ्यांची भाडी माहीत. बाबांनी कधी लक्ष दिलं नाही, मलाही यातलं काही कळत नाही. इथे आता काय भाव चाललाय? हे जे भाडं येतं, ते बरोबर आहे का कमी आहे? आकडा नका सांगू, नुसतं बरोबर की कमी, एवढंच."

"मला सांगता येत नाही," एवढं म्हणायचं होतं. हे वाक्य ती झोपेतही म्हणू शकली असती. पण वरून चाकाची घरघर ऐकू येत होती, आणि अक्का नळ सोडून कपबशा धूत होत्या. भाडेबाईच्या डोळ्यांसमोर त्या नऊ पावलांची वाट आली.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "या इमारतींना एवढंच मिळतं. लिफ्ट नाही, वायरिंग जुनं. लोक नवीन ठिकाणी जातात."

त्याचा चेहरा एकदम सैल झाला. "बरं झालं तुम्ही भेटलात. बायको पाठीमागे लागलीय, वाढवा वाढवा म्हणून. आता तिला सांगतो, सरकारच्या माणसानेच सांगितलंय." आणि त्याने चक्क तिचे आभार मानले.

सव्वीस वर्षांत पहिल्यांदा ती खोटं बोलली होती. तिला वाटलं होतं, मनाला टोचणी लागेल. उलट पुढचे काही महिने तिचं मन हलकंच होतं. इतक्या घरांची भाडी तिने लिहिली, इतकी माणसं जाताना पाहिली, एकाचंही जाणं तिला थांबवता आलं नव्हतं. एक घर तर राखलं, असं तिला वाटे. दादांना किंवा अक्कांना तिने यातलं अक्षरही सांगितलं नाही.

पण ज्या आकड्यांवर तिचं पोट होतं, तेच बाहेर पडायचे होते. खातं दर सहा महिन्यांनी भाड्यांचा तक्ता प्रसिद्ध करी, विभागवार, खोल्यांच्या हिशेबाने. एरवी तो तक्ता कोण वाचतो? पण भाडी अशी भडकली होती की या खेपेला वर्तमानपत्राने तो पहिल्याच पानावर छापला. 'दोन खोल्या, स्वयंपाकघर, जुनी इमारत, लिफ्ट नाही,' असा एक वेगळा रकानाच होता त्यात. समोर सरासरी भाडं. त्या मुलाने तो पेपर दुकानात गिऱ्हाईक नसताना वाचला, दोनदा वाचला, घडी करून खिशात घातला आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकली.

आधी तो खात्यात आला. साहेबांनी भाडेबाईला बोलावलं तेव्हा तो निघून गेला होता. पेपर मात्र टेबलावर होता.

"बाई, त्याला तुम्ही काही सांगितलंत?"

"हो."

"काय?"

"खोटं सांगितलं, साहेब."

साहेबांना खरंतर नकार हवा होता. नकार मिळाला असता तर त्यांनी प्रकरण फाइलीत घालून झाकलं असतं. ते पेपरची कडा दुमडू लागले. "खरं सांगितलं असतं तरी नियम मोडला असता," ते म्हणाले, "पण मग निदान खात्याचं तोंड तरी काळं झालं नसतं. दोन वर्षं राहिलीत तुमची. का केलंत हे?"

तिची साठ घरं काढून एका नव्या मुलीला दिली गेली. भाडेबाईला आत टेबल मिळालं, दुसऱ्यांचे कागद तपासायला.

खात्यातून तो मुलगा सरळ एकोणचाळीस नंबरला गेला होता. तिथे काय झालं हे तिला चौथ्या दिवशी कळलं. कचेरी सुटताना फाटकाशी दादा उभे होते. इस्त्रीचा सदरा, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. इतक्या वर्षांत त्यांना तिने त्या घराबाहेर कधी पाहिलंच नव्हतं. रस्त्यावर ते फारच लहानखुरे दिसत होते.

"बाई, तुम्ही त्याला काय सांगितलंत?"

तिने सांगितलं. जिन्यातलं सगळं, शब्द न् शब्द.

"मी सांगितलं होतं तुम्हाला तसं बोलायला?"

"नाही, दादा."

"अक्काने?"

"कोणीच नाही. अक्कांचं घर सुटू नये, एवढंच वाटलं मला."

दादा रस्त्याकडे पाहत राहिले. "तो माझ्या दारात उभा राहून म्हणाला, तुम्ही आणि ती बाई आतून मिळालेले आहात. म्हणाला, माझ्या बापाला तुम्ही पंचवीस वर्षं फसवलंत, आता दुप्पट भाडं द्या, नाहीतर घर सोडा. शेजारी दारात आले होते ऐकायला." त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर तिला बरं वाटलं असतं. "मी त्याला सांगणार होतो हो. त्याच्या वडिलांना वर्ष होऊ दे म्हणून थांबलो होतो. भाडं कमी आहे हे मला कळत नाही का? दीडपट देतो म्हणणार होतो. दोन दुकानांचं जास्तीचं काम धरून ठेवलंय मी. तो पोरगा ऐकणारा आहे, बापासारखाच. आता मी काहीही बोललो तरी ते चोराचं बोलणं."

"मी त्याला भेटते. मीच सांगते, तुमचा काही..."

"नका," दादा म्हणाले. "तुम्ही आता काही सांगू नका कोणाला."

तरी ती गेली. मन स्वस्थ बसू देईना. सुट्या भागांच्या दुकानात तो फळीवरून खोकी काढत होता. तिला पाहून त्याने तोंड फिरवलं, पण हाकललं नाही. दोन गिऱ्हाइकं आटोपेपर्यंत ती तशीच उभी राहिली. मग तिने सगळं सांगितलं. दादांना काही ठाऊक नव्हतं, त्यांनी वडिलांच्या खिशात कोंबलेलं पाकीट तिने स्वतः पाहिलं होतं, आणि अक्कांना दिसत नाही.

"दिसत नाही म्हणजे?" त्याने हातातलं खोकं खाली ठेवलं.

"अजिबात दिसत नाही. तुम्हाला कळलं नाही?"

"त्यांनी मला चहा दिला होता," तो चक्रावून म्हणाला. "काठोकाठ." तो स्टुलावर बसला. "बाई, मी रागात बोललो. पण माझं पण ऐका. मी काही मालक नाही, मी पण भाडेकरूच. दोन मुलं, बायको, सासूबाई. माझ्या मालकाने तोच पेपर वाचलाय. पुढच्या महिन्यापासून माझं भाडं जवळजवळ दुप्पट. मी कुठून आणू? बाबांचं ते घर, तेवढाच एक आधार आहे मला." त्याने हाताचं ग्रीस फडक्याला पुसलं. "त्यांना सांगा, दुप्पट नको. दीडपट देऊ देत. वर्षभर बघू. मी येऊन माफी मागतो हवं तर."

दीडपट. दादांनी मनाशी धरलेला आकडाच त्याच्या तोंडून आला होता. भाडेबाई बसची वाट न बघता चालतच निघाली. सत्तावन्न वर्षांची बाई, जवळजवळ पळतच होती. दुसऱ्या मजल्यावर पोचली तेव्हा तिच्याच्याने बोलवेना. अक्कांनी पाणी दिलं. तिने धापा टाकत निरोप सांगितला.

दादांनी मान हलवली. नाही.

"अहो, तुम्ही देणारच होतात तेवढं!"

"देणार होतो. तेव्हा मी भाडेकरू होतो. आता तो दया करून देणार आणि मी घेणार. ज्या जिन्यात मला चोर म्हटलं, तो जिना मी रोज चढू?" मग म्हणाले, "मी दुसरी जागा बघून आलोय. आगाऊ पैसेही देऊन आलोय."

अक्का खिडकीखालच्या खुर्चीत बसल्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "मला विचारलंत का कोणी?"

दोघांनीही त्यांच्याकडे पाहिलं. खरंच, कोणीच विचारलं नव्हतं. भाडेबाई त्यांच्या नावाने खोटं बोलून आली होती, दादा त्यांना घेऊन घर सोडून निघाले होते, आणि दोघांनाही वाटत होतं की आपण जे करतोय ते अक्कांसाठीच.

"अक्का, मी तुला नवं घर पाठ करून देईन," दादा म्हणाले. "एकेक पाऊल. मी आहे ना."

अक्कांनी मान डोलावली. त्यांनी धाकट्या भावाला लहानपणापासून वाढवलं होतं. त्याचा हट्ट कुठे मोडतो आणि कुठे मोडत नाही, हे त्यांना त्या घराच्या भिंतींइतकंच ठाऊक होतं.

नवी जागा बसच्या शेवटच्या थांब्यापलीकडे होती. तळमजल्यावर एक मोठी खोली आणि मागे अरुंद स्वयंपाकघर. भाडं जुन्या घराच्या दीडपटीहून थोडं जास्तच. चाकाला जागा नव्हती, ते दादांनी खाटेखाली सरकवलं, आणि जास्तीचं काम घेतलं होतं ते परत केलं. तिथे सगळं उलट्या हाताला होतं. अक्का सवयीने डावीकडे वळायच्या आणि भिंतीवर आदळायच्या. दादा त्यांचा हात धरून रोज सकाळी फेऱ्या मारायचे. "सात पावलं, मग उंबरा, उंबरा उंच आहे, पाय उचल." अक्का सात मोजायच्या आणि आठवं पाऊल टाकायच्या, कारण जुन्या घराची नऊ पावलं त्यांच्या पायांत होती.

भाडेबाई रविवारी जायची. ती आली की दादा चपला घालून बाहेर पडायचे. बोलायचे नाहीत, अपमानही करायचे नाहीत, नुसते बाहेर पडायचे. दोघी बसायच्या. पहिल्या रविवारी अक्कांनी चहा करायला घेतला आणि निम्मा ओट्यावर सांडला. दुसऱ्या रविवारपासून भाडेबाईच चहा करू लागली.

"रागावलात का माझ्यावर?" तिने एकदा विचारलं.

अक्का म्हणाल्या, "सुरुवातीला खूप. मग म्हटलं, माझ्यासाठी कोणी खोटं बोललं असं आयुष्यात एकदाच झालं. आता त्यावरही रागावू?" त्या हसल्या, पण ते हसू ओठांवर फार टिकलं नाही. "फक्त एक कराल? त्याच्यासमोर जुन्या घराचं नाव काढू नका. तो खिडकीत उभा राहतो आणि काहीच बोलत नाही. मला दिसत नाही, पण कळतं."

हळूहळू अक्का एका खुर्चीतच बसू लागल्या. पावलं मोजणं थांबलं. थंडीच्या दिवसांत एका सकाळी दादा दूध आणायला गेले असताना त्या पाणी घ्यायला उठल्या आणि उंबऱ्याला अडखळून पडल्या. कमरेचं हाड मोडलं. पश्चिमेच्या त्या मोठ्या इस्पितळातच त्यांना नेलं. तीन आठवडे त्या तिथे होत्या. शेवटी शेवटी त्या परिचारिकेला सांगायच्या, "खिडकी उघडा, माझ्या खुर्चीवर ऊन आलं असेल." तिथे त्यांच्या खाटेजवळ खिडकी नव्हती. आणि एका दुपारी त्या गेल्या.

त्यांना निरोप द्यायला चौघंच होते. दादा, भाडेबाई, चष्म्याच्या दुकानाचा जुना मालक, आणि सगळ्यांच्या मागे निळ्या सदऱ्यातला तो मुलगा. त्याला कोणी कळवलं कोण जाणे. एकोणचाळीस नंबरला त्याने रंग लावून नवे भाडेकरू ठेवले होते. सहा महिन्यांत त्याचं स्वतःचं भाडं परत वाढलं, तेव्हा त्या भाडेकरूंना काढून तो कुटुंबासह तिथेच राहायला आला होता. वाढीव भाडं त्याच्या हाती आलं ते जेमतेम सहा महिने. तो दादांसमोर येऊन उभा राहिला. दादांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, "मुलं बरी आहेत ना?" त्याने मान हलवली आणि सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसले.

भाडेबाई पुढच्या रविवारीही गेली. या वेळी दादा बाहेर पडले नाहीत. खोलीत दोघं समोरासमोर बसले. ते म्हणाले, "तो दीडपट म्हणाला तेव्हा मी हो म्हणायला हवं होतं."

"मी जिन्यात गप्प बसायला हवं होतं," ती म्हणाली.

"हो," दादा म्हणाले. "तुम्ही गप्प बसायला हवं होतं."

दोघांनी एकमेकांना माफ केलं, असं कोणाला वाटेल. तसं काही झालं नाही. माफ करण्याइतकं त्यांच्याजवळ बळ नव्हतं, आणि एकमेकांना टाकायचं तर ज्याच्याशी अक्कांविषयी बोलावं असं दुसरं माणूस दोघांनाही नव्हतं. म्हणून रविवार चालू राहिले. ती निवृत्त झाली, तरी चालू राहिले. कधी ती वर्तमानपत्र वाचायची, कधी दादा खाटेखालचं चाक ओढून पुसायचे आणि परत आत सरकवायचे.

एकदा तिला ताप आला आणि तिचा रविवार चुकला. सोमवारी सकाळी दार वाजलं. उघडून पाहते तर दादा, चार मजले चढून आलेले, एका हाताने चौकट धरून उभे. छाती भात्यासारखी वरखाली होत होती. तिने त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं. श्वास जाग्यावर यायला बराच वेळ लागला.

"काल आला नाहीत," ते म्हणाले.

"अंगात ताप होता, दादा."

"हं." त्यांनी पेला खाली ठेवला. तिच्या खोलीकडे नजर टाकली, खिडकीकडे, भिंतीकडे, आणि उठले. "औषध घ्या वेळेवर," एवढं म्हणून ते निघाले. ती दारात उभी राहून बघत होती. कठडा धरून, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत ते सावकाश खाली उतरत गेले. दुसऱ्या मजल्यापाशी जुन्या सवयीने क्षणभर थांबले, मग पुन्हा उतरू लागले.